शेजारच्या सीटचा ब्रेक

सेल्समन घरी आला तो थेट गाडीपाशी गेला आणि पुढच्या टायरला त्याने बुटाच्या टोकाने एक लाथ घातली. दारात उभ्या असलेल्या बाईंनी ते पाहिलं.

“लाथ मारून काय कळलं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही, आजी. सवय आहे.”

“बरं झालं, डॉक्टर झाला नाहीत.”

बाईंना आजी म्हणणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणत, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांना बाईंनी गाडी चालवायला शिकवलं होतं. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलला ऑफिस नव्हतं, शिपाई नव्हता. एक गाडी, तिच्या छपरावर ‘शिकाऊ’ असं लिहिलेली पत्र्याची पाटी आणि शेजारच्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक, एवढाच पसारा.

हा दुसरा ब्रेक नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं. ड्रायव्हरच्या पायाशी असतं तसंच एक पेडल शिकवणाऱ्याच्याही पायाशी असतं. दोन्ही एका दांडीने जोडलेली असतात. शिकणारा गडबडला की शिकवणारा आपल्या बाजूने दाबतो आणि गाडी थांबते. चांगला शिकवणारा तो क्वचित दाबतो, आणि दाबला की शिकणाऱ्याला सांगतो, “आत्ता मी दाबला. तू दाबायला हवा होतास.” हे सांगणं म्हणजेच शिकवणं. एकोणीस वर्षांत बाईंनी सहाशेच्या वर माणसं अशी तयार केली होती. फक्त पोटची लेक तेवढी आईच्या शेजारी बसून बोलणी खायला कधी तयार झाली नाही.

आता या गाडीवर जावईबापूंचा डोळा होता.

सरकारने योजना काढली होती. पंधरा वर्षांवरची गाडी आणून द्यायची. केंद्रावर तिचं इंजिन मारायचं, पत्रा दाबून ठोकळा करायचा, आणि त्या बदल्यात नव्या गाडीवर घसघशीत सूट. जावईबापूंकडे जुनी गाडी नव्हती. खरं तर कुठलीच गाडी नव्हती, ते ऑफिसला बसने जात. पण त्यांच्याकडे सासू होती आणि सासूकडे जुनी गाडी होती.

“आई, एवढी सूट पुन्हा मिळायची नाही,” जावईबापू म्हणाले. “महिनाअखेर शेवटची तारीख आहे. आणि या खटाऱ्याचं दुसरं करायचं तरी काय?”

“शिकवायचं,” बाई म्हणाल्या.

“आजी, पर्यावरणाचाही विचार करायला हवा ना,” सेल्समनने टॅबवर बोट फिरवत हिरव्या पानांचं एक चित्र काढून दाखवलं. “ही गाडी म्हणजे चालतंफिरतं प्रदूषण आहे.”

बाईंनी गाडी सुरू केली, एक पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी मिनिटभर धरला आणि त्याच्यापुढे केला. रुमालावर करडा डाग पडला होता, बोटाच्या पेराएवढा. तो त्यांनी लपवला नाही. तेवढ्यात समोरच्या घरचा पाण्याचे जार वाहणारा टेम्पो सुरू झाला आणि त्याने अर्धी गल्ली काळी करून टाकली. सेल्समनला खोकला आला.

“त्याला विचारलंत का योजनेचं?” बाई म्हणाल्या.

“तो कुठली नवी गाडी घेतोय, आजी!”

“म्हणजे धूर कोण सोडतं याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही. नवी कोण घेतं याच्याशी आहे.”

“तसं नाही—”

“तसंच आहे. ज्याची गाडी मोडायला हवी त्याची तुम्हाला नको, आणि जिची चालतेय तिच्या दारात येऊन टायरला लाथा घालता. बरं, जी नवी देताय तिचं वजन किती?”

वजन सेल्समनला ठाऊक नव्हतं. त्याला गाडीतल्या पडद्याचा आकार ठाऊक होता, सीट गरम कशी होते ते ठाऊक होतं. वजन शोधायला त्याला टॅबमध्ये चार मिनिटं लागली. ते जुन्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट निघालं.

“दुप्पट ओझं ओढत हिंडायचं आणि हवा स्वच्छ केली म्हणून सूटही घ्यायची,” बाई म्हणाल्या. “छान. मागच्या महिन्यात, सूट यायच्या आधी, या नवीची किंमत काय होती?”

सेल्समन जावईबापूंकडे बघू लागला आणि जावईबापू आभाळाकडे.

“तिला दुसरा ब्रेक बसतो का?”

“बसवता येतो, पण मग वॉरंटी जाते, आजी.”

बाईंच्या मते बोलणं तिथेच संपलं होतं. पण त्या रात्रीच्या जेवणाला उठल्या तेव्हा लेक स्वयंपाकघरात ओट्याला दोन्ही हात टेकून, डोळे मिटून उभी होती. रोज दोन तास स्कूटरवरून खड्डे खात जाऊन-येऊन तिची कंबर कामातून गेली होती.

“आई,” ती डोळे न उघडता म्हणाली, “मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे. हे मला रोज सोडतील म्हणतात. मला फक्त पाठ टेकून बसायला मिळू दे.”

 

“माझी तीन माणसं परीक्षेला बसायची आहेत,” त्या एवढंच म्हणाल्या. “बेकरीवाली तर आत्ता कुठे चौथ्या गिअरला हात लावायला लागलीय.”

“तुला छोटी गाडी घेऊन देऊ म्हणतात पुढे.”

‘पुढे’ म्हणजे केव्हा हे बाईंना चांगलं कळत होतं. तरी त्या बरं म्हणाल्या. गाडी त्यांच्या नावावर होती, सही त्यांचीच लागणार होती, आणि सही करायचं त्यांनी कबूल केलं.

केंद्राच्या फॉर्मवर एक अट होती. गाडी मूळ स्वरूपात आणि स्वतःच्या इंजिनावर चालत आली पाहिजे. दुसरा ब्रेक मूळ स्वरूपात बसत नव्हता. तो कापून टाकायला जावईबापूंनी आदल्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे पाठवली. संध्याकाळी मिस्त्री स्वतःच गाडी सोडायला आला आणि त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जड वस्तू बाईंच्या हातात ठेवली.

“साहेब म्हणाले कापा,” तो म्हणाला. “म्हटलं, कापायचं काय त्यात? चार बोल्ट खोलले. दांडी, पेडल सगळं आहे आत. भिंतीला लावा नाहीतर काय करायचं ते करा.”

“तुझं काय मत? द्यावी का गाडी?”

“बाई, माझं मत विचारू नका. नव्या गाडीचं झाकण उघडलं की आत अजून एक झाकण असतं. मला काय मिळणार त्यात?”

बाईंनी ते गुंडाळं आपल्या पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं निघाली. जावईबापूंनी किल्ली घेतली. बाई नेहमीप्रमाणे त्यांच्या शेजारी बसल्या, लेक मागे.

या नेहमीप्रमाणेचंही सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी, लग्न ठरायच्या सुमारास, जावईबापू याच गाडीवर बाईंकडे शिकले होते. तेव्हापासून कुठे जायचं झालं की गाडी तेच चालवत, आणि सवयीने बाई शेजारी बसत. “बारा वर्षांत एक ओरखडा नाही,” हे जावईबापूंचं आवडतं वाक्य होतं. चारचौघांत ते हटकून सांगत. सिग्नलला उभे राहिले की शेजारच्या ड्रायव्हरांकडे दया आल्यासारखे पाहत.

पहिल्या सिग्नलला दिवा लाल झाला. बाईंचा पाय आपोआप पुढे गेला आणि रबराच्या चटईवर आपटला. तिथे काहीच नव्हतं. गाडी पांढरी पट्टी ओलांडून रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबली.

“ब्रेक ढिले झालेत हिचे,” जावईबापू हसून म्हणाले. “वेळेवर काढतोय म्हणायची.”

 ब्रेक ढिले नव्हते, पंधरा दिवसांपूर्वीच बाईंनी नवे पॅड टाकून घेतले होते. त्या जावईबापूंच्या पायाकडे पाहू लागल्या. चेहऱ्याकडे पाहून ड्रायव्हर कळत नाही, पायाकडे पाहून कळतो.

पुढे एक बाबागाडी ढकलत एक तरुणी रस्ता ओलांडत होती. चांगली लांब होती. शिकलेल्या माणसाचा पाय इथेच ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो. जावईबापूंचा पाय जागचा हलला नाही. बाईंची टाच पुन्हा चटईवर आपटली, आणि मग त्या आयुष्यात कधी नव्हत्या तशा ओरडल्या, “ब्रेक!”

गाडी करकचून थांबली. मागे लेकीचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. ती तरुणी बाबागाडी छातीशी ओढून या तिघांना जे काय बोलली ते सगळं योग्यच होतं.

“ओरडता कशाला, आई? दिसली होती मला,” जावईबापू म्हणाले. “मी घाबरतो अशाने.”

दिसली असणारच. आंधळे नव्हते ते. पण दिसल्यावर थांबायचं असतं ते आपण थांबायचं असतं, ही गोष्ट त्यांच्या गावीच नव्हती. आजवर दिसलं की गाडी थांबे. कशी थांबते हा प्रश्न त्यांना बारा वर्षांत पडलाच नव्हता.

आणि बाईंना बारा वर्षांपूर्वीचे ते दिवस आठवले. इतरांना त्या सांगत, आत्ता मी दाबला. होणाऱ्या जावयाला मात्र कसं सांगायचं? लेकीचं लग्न नुकतं ठरलेलं. मुलगा जरा फुशारकी मारणारा, पण मनाचा वाईट नाही. त्याचा पाणउतारा कशाला? म्हणून त्या आपला ब्रेक दाबत ते इतक्या हळुवार, इतक्या वेळेवर, की त्याला वाटावं, गाडी आपणच थांबवतोय. त्यानेही पाय ठेवलेला असे, पण टेकवल्यासारखा. सहाशे माणसांना त्यांनी खरं शिकवलं आणि ज्याच्या हाती लेक द्यायची त्याला खोटं पास केलं. सेल्समनबद्दल वाटला नसेल एवढा तिटकारा त्यांना त्या क्षणी स्वतःचा वाटला.

“गाडी बाजूला घ्या, जावईबापू. मी चालवते.”

“आता काय आलंच की!” म्हणत त्यांनी वळण घेतलं.

केंद्र उताराच्या तळाशी होतं. फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला बोटभर उंचीच्या एका चौथऱ्यावर नवी गाडी ठेवलेली होती, लाल फितीचं भलं मोठं फूल बांधलेली. तिच्यासमोर सेल्समन हसऱ्या चेहऱ्याने उभा होता, फोटो काढायच्या तयारीने. उतारावर गाडीने वेग घेतला. जावईबापूंनी हात वर करून सेल्समनला ओळख दिली.

बाईंनी हँडब्रेक ओढला. दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून ओढला. मागची चाकं घासत गेली, सेल्समन बाजूला उडी मारून टायरांच्या ढिगात पडला, आणि जुनी गाडी नव्या गाडीच्या नाकात जाऊन बसली.

कुणाला लागलं नाही. लेकीने आधी आईचा, मग नवऱ्याचा खांदा चाचपला. जुन्या गाडीची नंबर प्लेट वाकली होती. नव्या गाडीचं नाक मात्र पुठ्ठ्याचं असावं तसं फाटून लोंबत होतं, एक दिवा वायरीला लटकत होता, आणि आतला पडदा कुणीही न विचारता प्रवास सुरू करण्यापूर्वी सीटबेल्ट लावायला सांगत होता.

सेल्समन उठला. कपडे झटकून त्याने आधी घड्याळात पाहिलं आणि मगच गाडीकडे.

“काही हरकत नाही,” तो म्हणाला. “डेमोची आहे, तिचा विमा आहे. आजी, तुम्ही आधी सही करा, आज शेवटची तारीख, पाचला पोर्टल बंद होतं. आणि हेच सांगत होतो ना मी? जुन्या गाड्यांचे ब्रेक असे दगा देतात. म्हणूनच ही योजना!”

“अगदी हेच,” जावईबापूंना जीव आला. “पेडल दाबतोय, दाबतोय, काही लागतच नाही!”

आवाराच्या दुसऱ्या टोकाला तेलकट डगला घातलेला एक कामगार एका निळ्या गाडीचं इंजिन मारत होता. तेल काढून घेतलं होतं आणि त्याजागी कसलं तरी दाट पाणी ओतलं होतं, जे आत तापून काच होतं. आता त्याने इंजिन जोरात चालू ठेवलं होतं आणि हातात घड्याळ धरून तो वाट पाहत होता. निळ्या गाडीला कुठेही गंज नव्हता. इंजिन किंचाळलं, खोकलं, पुन्हा किंचाळलं.

“सहा मिनिटं झाली,” कामगार आपल्याशीच म्हणाला. “मरेना. चांगली ठेवलेली असली की असा त्रास देतात.”

मग ते एकदम थांबलं.

बाईंनी तिकडून नजर काढली आणि जावईबापूंना उतरायला सांगितलं. स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, गाडी मागे घेतली, थेट उताराच्या वरच्या टोकापर्यंत नेली, आणि तिथून तोंड फिरवून खाली सोडली. जावईबापूंच्या वेगाने नाही, त्याहून जास्त. सेल्समन जिथे उभा होता तिथेच खिळला. हातातला टॅब त्याने ढालीसारखा पुढे धरला होता.

गाडी थांबली. घसरली नाही, ओरडली नाही, नुसती थांबली. वाकलेली नंबर प्लेट आणि सेल्समनचे बूट यांच्यात एक वीत अंतर होतं.

बाईंनी काच खाली केली. “ब्रेक ठीक आहेत,” त्या म्हणाल्या. “आता टायरला लाथ मारून बघायची असेल तर बघा.”

कामगार मोठ्याने हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

“आजी, ते सगळं मान्य,” सेल्समनचा आवाज जरा चिरकला होता. “पण सही—”

“सही होणार नाही.”

“आई!” जावईबापू पुढे आले. “शब्द दिला होता तुम्ही. तिच्या कंबरेचा तरी विचार करा.”

“तिच्या मानेचा करतेय,” बाई म्हणाल्या. “जावईबापू, बारा वर्षांत एक ओरखडा नाही हे खरं आहे. कारण बारा वर्षं ब्रेक मी दाबलाय. दर सिग्नलला, दर वळणाला. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही, ती माझी चूक. तुमची चूक एवढीच, की तुम्हाला कधी शंकाही आली नाही.”

जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणेल, आई काहीतरीच बोलते, असं त्यांना वाटलं असावं. लेक कपाळावरचं टेंगूळ चोळत होती.

“अहो,” ती म्हणाली, “त्या बाबागाडीच्या वेळी तुमचा पाय कुठे होता?”

जावईबापूंनी तोंड उघडलं. मग खाली आपल्या बुटाकडे पाहिलं, जणू तो परक्या माणसाचा आहे. 

“मला वाटलं...” ते म्हणाले.

“दुप्पट वजनाची गाडी, शेजारी माझी लेक, आणि थांबवायला कुणी नाही,” बाई म्हणाल्या. “ असल्या कागदावर मी सही करत नाही. तुमची सूट गेली खड्ड्यात.”

“आई,” लेक मधेच म्हणाली, “मी शिकले तर? या गाडीवर? मला पाठ टेकायला मिळाली म्हणजे झालं. ड्रायव्हरच्याही सीटला पाठ असतेच की.”

 एकोणीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं भंगाराच्या आवारात ऐकायला मिळेल असं बाईंना वाटलं नव्हतं.

“सकाळी आठला,” त्या कोरडेपणाने म्हणाल्या. “सातची वेळ जावईबापूंची. बेकरीवालीला नवाची देते.”

मग त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राचं गुंडाळं काढलं आणि कामगाराकडे बारा-तेराचा पाना मागितला. कामगाराने आणून दिला आणि बॅटरी धरून उभाही राहिला. आज दिवसभरात इथे काहीतरी जोडलं जाताना पहिल्यांदाच पाहतोय, असं तो म्हणाला. बाई साडी सावरून दारातून आडव्या झाल्या आणि त्यांनी चारही बोल्ट आपल्या हाताने आवळले. हाताने पेडल दाबून पाहिलं, दोनदा. पलीकडचं पेडल खाली गेलं, वर आलं. पाच वाजून गेले होते. सेल्समन नव्या गाडीच्या लोंबत्या नाकाचे फोटो काढत होता.

“बसा, जावईबापू.”

“मी?” ते म्हणाले. “आता? नको, आई. तुम्हीच घ्या.”

“पहिला धडा नापास झाल्याच्या दिवशीच घ्यायचा असतो. बसा.”

ते बसले. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं, जसं पहिल्या दिवशी सगळेच धरतात. गाडी रांगत चढ चढून रस्त्याला लागली. लेक मागे पाठ टेकून, सीटबेल्ट घट्ट ओढून बसली होती.

पहिला सिग्नल लाल झाला. बाईंचा पाय पुढे गेला. त्यांनी तो मागे ओढला आणि सीटखाली दुसऱ्या पायाने दाबून धरला. हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. पांढरी पट्टी जवळ आली. आणखी जवळ आली.

जावईबापूंनी ब्रेक दाबला. फार जोरात, क्लच विसरून. गाडी गचका खाऊन पट्टीच्या चांगली दोन हात अलीकडे उभी राहिली आणि इंजिन बंद पडलं. मागच्यांनी हॉर्नचा गोंगाट सुरू केला. जावईबापूंच्या कपाळावर घाम आला होता.

“बंद पडली,” ते पुटपुटले.

“पडू द्या,” बाई म्हणाल्या. “तुम्ही थांबवलीत म्हणून पडली. किल्ली फिरवा.”